रोज नको, तासाचा दर विचारा : सोनगीर ते नरडाणा, मजुरीचा हिशेब कसा मांडायचा?

आपल्या खान्देशात कामाची चौकशी एकाच प्रश्नाने होते : "कितला रोज भेटस?" उत्तर येते, चारशे, पाचशे, सहाशे. चारशेवाल्यापेक्षा पाचशेवाला बरा, असे आपण धरून चालतो. पाचशेवाला किती तास राबतो, हे कुणी विचारत नाही. हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे. वस्तू तयार करणाऱ्या उद्योगांत, म्हणजे कारखाना, कारागिरी, बांधकाम आणि खाण यांत, एका तासाच्या श्रमाला किती मोल मिळते, ते कसे मोजायचे, आणि हे मोजणे आपल्या चळवळीचे काम का आहे, हे आम्ही येथे मांडणार आहोत.

विषय आकडेमोडीचा आहे, पण सातवीच्या गणिताच्या पुढचे यात काही नाही. भागाकार येणाऱ्या प्रत्येकाने वाचावे आणि आपल्या घरातल्या, गल्लीतल्या कामगाराला समजावून सांगावे, एवढीच अपेक्षा.

एकाच महामार्गावरचे दोन प्रकारचे कामगार

धुळ्याहून मुंबई–आग्रा महामार्गाने शिरपूरकडे निघालो की सोनगीर लागते. किल्ल्याच्या पायथ्याचे हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. हंडे, घागरी, तपेली, बंब ही सोनगीरची ओळख. पुढे स्टील, अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक आले, घरातून पितळ गेले आणि कारागिरांची संख्या घटली. तरी रस्त्याकडेच्या दुकानांत भांडी आजही दिसतात आणि हातोड्याचा आवाज पूर्ण थांबलेला नाही.

त्याच रस्त्याने पुढे शिंदखेडा तालुक्यात नरडाण्याची एमआयडीसी आहे. मागे धुळ्याला अवधानची एमआयडीसी आहे. पूर्वेला जळगावात पाइप, चटई आणि डाळीचे कारखाने आहेत. एकेकाळी अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल आणि जळगावची खान्देश मिल यांच्या भोंग्यावर या भागाचा दिवस उगवायचा. त्या मिल बंद पडल्या. भोंग्यासोबत पाळीची ठरलेली वेळही गेली आणि वेतनाचा करार करणारी युनियनही गेली. आज आपली मुले ठेकेदाराच्या गाडीत बसून कारखान्यावर जातात. कोणत्या कंपनीत काम करतो हे त्यांना माहीत असते, पण आपला मालक नेमका कोण, हे अनेकांना सांगता येत नाही.

सोनगीरच्या कारागिराला मजुरी मिळते मालाच्या वजनावर किंवा नगावर. नरडाण्याच्या कामगाराला मिळते हजेरीवर. दोघांच्याही हिशेबात तास कुठेच नसतो, आणि जे मोजले जात नाही तेच फुकट घेतले जाते.

दिवसाचा आकडा कसा फसवतो?

एक सोपे उदाहरण घेऊ. यातले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

एका कारखान्यात आठ तासांचे ४०० रुपये मिळतात. दुसऱ्यात बारा तासांचे ४८० रुपये. आपल्याकडचा मुलगा दुसरीकडे जाईल, कारण ८० रुपये जास्त. आता तासाचा दर काढा. पहिल्याचे ४०० भागिले ८, म्हणजे तासाला ५० रुपये. दुसऱ्याचे ४८० भागिले १२, म्हणजे तासाला ४० रुपये. जो दर मोठा वाटत होता तो प्रत्यक्षात दहा रुपयांनी कमी निघाला.

अजून एक पायरी बाकी आहे. कायद्याप्रमाणे ठरलेल्या वेळेच्या पुढचे काम म्हणजे ओव्हरटाइम, आणि त्याचा दर दुप्पट. तासाला ५० रुपये दर असेल तर पहिल्या आठ तासांचे ४०० आणि पुढच्या चार तासांचे १०० रुपयांप्रमाणे ४००, असे एकूण ८०० रुपये व्हायला हवेत. हातात पडले ४८०. म्हणजे रोजचे ३२० रुपये कामगाराच्या खिशात आलेच नाहीत. आणि तो मात्र घरी येऊन सांगतो की नव्या कंपनीत पगार चांगला आहे.

महिन्याचा पगार असेल तरी हीच रीत. साप्ताहिक सुट्टी सोडली तर महिन्याचे कामाचे दिवस साधारण २६ धरतात. २६ गुणिले ८ म्हणजे २०८ तास. १३,००० रुपये पगाराला २०८ ने भागले की तासाचा दर येतो ६२ रुपये ५० पैसे. पण काम रोज बारा तास असेल तर महिन्याचे तास होतात ३१२, आणि तोच दर उतरतो ४१ रुपये ६७ पैशांवर. वरच्या १०४ तासांचे दुप्पट दराने, १२५ रुपयांप्रमाणे, आणखी १३,००० रुपये होतात. म्हणजे अशा कामगाराचा अख्खा दुसरा पगार बुडतो. ही चोरी कुलूप फोडून होत नाही, हजेरीपटावर एक खूण करून होते.

किलोची मजुरी आणि घरच्यांचे तास

कारागिराचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा असतो. पत्रा कापणे, तापवणे, ठोकून आकार देणे, सांधे झाळणे, मठारणे, घासून चकाकी आणणे, गरज असेल तर कल्हई करणे, अशा पायऱ्यांनी भांडे तयार होते. मजुरी मात्र तयार मालाच्या किलोवर ठरते. भट्टी तापेपर्यंतचा वेळ, माल आणण्या-पोचवण्याचा वेळ आणि कच्चा माल नसल्यामुळे बसून काढलेला दिवस यांतले काहीच किलोत येत नाही.

समजा, एका कारागिराला दिवसाच्या कामाचे ६०० रुपये मिळाले. त्याने दहा तास काम केले. तासाला ६० रुपये, बरे वाटते. पण कोळसा आणि इतर खर्च ६० रुपये झाला तर उरले ५४०. शिवाय घरातल्या बाईने घासणे, धुणे, हाताखाली धरणे यात आठ तास दिले. म्हणजे एकूण तास अठरा. ५४० भागिले १८ म्हणजे तासाला ३० रुपये. घरातल्या बाईचे आठ तास मोजले नाहीत म्हणूनच आधीचा आकडा साठ दिसत होता.

नगावर आणि किलोवर चालणाऱ्या प्रत्येक कामाला हे लागू आहे. विडी, शिलाई, चटई, पॅकिंग, कुठलेही काम घ्या. त्यात घरातल्या किती जणांचे हात लागतात ते आधी मोजा आणि मग दर काढा. कामाच्या मोबदल्यावर म्हणजे नगावर मजुरी देणाऱ्या उद्योगांसाठीही कायद्याने किमान दर ठरवता येतो, हे लक्षात ठेवावे.

सरकारी सरासरीत आपण कुठे आहोत?

अमेरिकेत सरकारी कामगार-सांख्यिकी संस्था दर महिन्याला प्रत्येक राज्यातील तासाच्या मजुरीची सरासरी जाहीर करते, आणि वस्तुउत्पादक उद्योगांचा आकडा वेगळा देते. तिथल्या संघराज्य पातळीवरच्या किमान वेतनाचा दरही तासाचाच आहे : ७.२५ डॉलर, आणि तो २००९ पासून बदललेला नाही. म्हणजे तास मोजला की न्याय आपोआप मिळतो असे नाही. पण आकडा तासाचा असल्यामुळे तो वर्षानुवर्षे वाढला नाही हे तिथल्या शाळकरी मुलालाही दाखवता येते.

आपल्याकडे कारखान्यांची मोठी पाहणी म्हणजे वार्षिक उद्योग पाहणी. त्यात नोंदणीकृत कारखान्यांतील कामगारांची संख्या, कामाचे मनुष्यदिवस, एकूण मजुरी आणि उत्पादनात पडलेली मूल्याची भर मिळते. मूल्याची भर घालण्यात महाराष्ट्र २०२२-२३ च्या पाहणीत देशात पहिला होता. एकूण मजुरीला मनुष्यदिवसांनी भागले की दिवसाची सरासरी मिळते आणि तिला आठने भागले की तासाचा अंदाज येतो. पण येथे तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण मनुष्यदिवसाची. बारा तासांचे काम कागदावर एकच हजेरी म्हणून लागले असेल तर आठने भागून काढलेला तासाचा दर खोटा मोठा दिसतो. वरच्या उदाहरणातला ४१ रुपयांचा कामगार अहवालात ६२ रुपयांचा होऊन बसतो.

दुसरी अडचण सरासरीची. दहा माणसांपैकी नऊ जण तासाला ५० रुपये मिळवतात आणि एक व्यवस्थापक ४५० रुपये. बेरीज ९००, सरासरी ९० रुपये. त्या दहा जणांत ९० रुपये मिळवणारा एकही माणूस नाही. म्हणून "सरासरी पगार वाढला" अशी बातमी वाचली की दोन गोष्टी विचाराव्यात : यात व्यवस्थापक धरले आहेत का, आणि मधल्या माणसाला किती मिळते? सर्वांना चढत्या क्रमाने उभे केले तर मधोमध उभ्या असलेल्या माणसाचा पगार हा सरासरीपेक्षा खरा निरोप देतो.

तिसरी अडचण अशी की सोनगीरचा कारागीर या पाहणीत येतच नाही. घरात किंवा दोन-चार माणसांच्या शेडमध्ये चालणारे काम नोंदणीकृत कारखान्यात मोडत नाही. त्यांच्यासाठी असंघटित उद्योगांची वेगळी पाहणी असते, पण वर्तमानपत्रातल्या "उद्योगातील वेतन" या मथळ्यात ते कामगार नसतात. आणि जे नोंदणीकृत कारखान्यांत आहेत, त्यांच्यातही आता देशभरात दर दहा कामगारांत सुमारे चार कंत्राटी आहेत. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच यंत्रावर उभे असतात, तास तेच असतात, दर वेगळा असतो. सरासरीत ते दोघे एकत्र मिसळतात आणि फरक दिसेनासा होतो.

किमान म्हणजे किती?

किमान वेतनाचे गणितही तासात मांडून पाहू. केंद्र सरकारने जाहीर केलेले राष्ट्रीय पातळीवरचे तळाचे वेतन २०१९ मध्ये दिवसाला १७८ रुपये होते. तासाला २२ रुपये २५ पैसे. त्याच वर्षी केंद्राच्याच अनुप सत्पथी समितीने दिवसाला ३७५ रुपयांची शिफारस केली. तासाला ४६ रुपये ८८ पैसे. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलेला आकडा आणि सरकारने जाहीर केलेला आकडा यांत निम्म्याहून अधिक अंतर होते.

दुसऱ्या बाजूला सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १ जानेवारी २०१६ पासून १८,००० रुपये केले. २०८ तासांनी भागले तर तासाला सुमारे ८६ रुपये, आणि महागाई भत्ता वेगळा. भुसावळच्या रेल्वेत किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीत नोकरी लागली की घरात पेढे का वाटतात, याचे उत्तर या आकड्यात आहे. सरकारी नोकऱ्या कमी होत गेल्या, त्याबरोबर आपल्या समाजाच्या हातातून हा तासाचा दरही निसटत गेला.

किमान वेतन ठरवण्याची कसोटी आपल्या देशात १९५७ सालीच ठरली आहे. पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने सांगितले की एका कमावत्याच्या पगारात तीन उपभोग घटकांचे कुटुंब चालले पाहिजे, प्रौढ माणसाला २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी २० टक्के. पुढे सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकॉस ब्रेट कंपनीच्या खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. यातही एक मेख आहे. कमावता पुरुष एक घटक, त्याची बायको ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६, अशी ती तीनची बेरीज होते. बाईला पुरुषापेक्षा कमी अन्न लागते आणि म्हातारे आई-वडील घरात नसतातच, असे गृहीत धरलेले हे गणित आहे.

महाराष्ट्रात किमान वेतनाचे दर उद्योगानुसार वेगळे आहेत. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा पायऱ्या आहेत आणि गाव-शहरानुसार परिमंडळे आहेत. अनेक अधिसूचनांत महापालिका क्षेत्र पहिल्या परिमंडळात आणि ग्रामपंचायतींची गावे शेवटच्या परिमंडळात असतात. म्हणजे धुळे शहर आणि सोनगीर यांच्यात वीस-एक किलोमीटरचे अंतर, पण तेच काम, तीच कुशलता, तरी कायदेशीर दर वेगळा असू शकतो. व्याख्या उद्योगानुसार बदलते, म्हणून आपल्या उद्योगाची अधिसूचना काढून वाचावी. मूळ दरावर विशेष भत्ता मिळतो आणि तो जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. जुलै उलटून गेला तरी पगार तोच राहिला असेल, तर विचारायला कारण आहे.

बाबासाहेबांनी आधी मोजायला सांगितले

आपल्या कार्यक्रमांत नेहमी सांगितले जाते की बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले. चळवळीच्या कार्यकर्त्याने तपशील नेमका सांगावा, कारण नेमका तपशील जास्त भक्कम आहे. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ आणि दिवसाला १० तासांची मर्यादा होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी आठ तासांच्या दिवसाचा प्रश्न श्रम परिषदेपुढे आणला आणि १९४६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा आठवड्याला ४८ आणि दिवसाला ९ तासांवर आली. आज आपण सहा गुणिले आठ म्हणतो ते हेच ४८ तास. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनीच १९४६ मध्ये मांडले, ते १९४८ मध्ये कायदा झाले.

याच काळातली आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते. १९४४ मध्ये त्यांच्या खात्याने रेगे समिती नेमली. देशभरातील उद्योगांत कामगारांना मजुरी किती, मिळकत किती, राहणी कशी, याची प्रत्यक्ष पाहणी करणे हे तिचे काम होते. कायदा करण्याआधी मोजणी, ही बाबासाहेबांची पद्धत. अर्थशास्त्रज्ञ माणूस होता तो. नुसत्या कळवळ्यावर धोरण उभे राहत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मोजणीत जात दिसते, हेही त्यांनी दाखवून दिले. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. कमी मजुरीच्या खात्यांत मात्र जागा असे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार नेत्यांसमोर ठेवला. गिरणीची सरासरी मजुरी पाहिली असती तर हा अन्याय दिसला नसता. खातेवार दर पाहिला म्हणून दिसला. १९३८ च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले, ते याच अनुभवातून.

आज तोंडाने धागा ओढावा लागत नाही. तरी "अकुशल" या शिक्क्याखाली कोण किती वर्षे राहतो, हे तपासण्यासारखे आहे. पाच वर्षे यंत्र चालवणारा मुलगा कागदावर हेल्परच असेल, तर त्याच्या तासाचा दर एका शब्दाने कापला गेला आहे. झाडलोट, भट्टीजवळचे काम, रसायनाचे काम कुणाच्या वाट्याला येते आणि सुपरवायझरच्या खुर्चीत कोण बसतो, हे खातेवार लिहून काढले तर जुने चित्र कितपत बदलले ते कळेल.

बारा तासांच्या दिवसाचा नवा प्रश्न

हे सगळे आत्ताच सांगण्याचे कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवली आणि तीन महिन्यांतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास केली. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या.

समर्थक म्हणतात, बारा तास चार दिवस काम करा, तीन दिवस सुट्टी घ्या, बेरीज ४८ च. कागदावर बेरीज बरोबर आहे. पण आपल्या भागात ठेकेदार चार दिवसांचा आठवडा देईल का, याचा विचार ज्याचा त्याने करावा. बारा तास आणि सहा दिवस झाले तर आठवड्याचे तास होतात ७२. त्यात २४ तास ओव्हरटाइमचे. तीन महिन्यांत तेरा आठवडे धरले तर ३१२ तास. वाढवलेली मर्यादाही १४४ च आहे. म्हणजे रोज बारा तास, आठवड्याचे सहा दिवस, वर्षभर, ही पद्धत नव्या नियमांतही बसत नाही. "आता बारा तास कायदेशीर झाले" असे कुणी सांगितले तर हे दोन आकडे पुढे ठेवावेत : आठवड्याला ४८, तीन महिन्यांत जास्तीत जास्त १४४. आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पटच आहे, तो बदललेला नाही.

वेतन संहितेत कामगाराच्या उपयोगाच्याही गोष्टी आहेत, त्या माहीत हव्यात. किमान वेतन तास, दिवस किंवा महिना यानुसार ठरवता येते. वेतनात स्त्री-पुरुष भेद करता येत नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. पगाराची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. बुडालेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि दाव्याच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. ठेकेदाराने पगार दिला नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. कायदा पुस्तकात आहे. तो वापरायला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे तासांची नोंद.

तासांची वही

म्हणून आमचे सांगणे एका वहीपुरते आहे. प्रत्येक कामगाराने रोज पाच गोष्टी लिहाव्यात : तारीख, आत जाण्याची वेळ, बाहेर पडण्याची वेळ, जेवणाची सुट्टी, आणि केलेले काम. महिनाअखेर हातात आलेली रक्कम आणि कपात लिहावी. कपात झाली असेल तर ती भविष्यनिर्वाह निधीच्या आणि कामगार विम्याच्या खात्यात जमा झाली का, हे मोबाइलवर तपासावे. मग एकूण रकमेला एकूण तासांनी भागावे. हजेरीच्या यंत्राचा, गेटपासचा, पगारपावतीचा फोटो जपून ठेवावा. कारागिराने याच वहीत घरातल्या प्रत्येकाचे तास आणि मालाचा खर्च लिहावा.

एकट्याची वही दुबळी असते. वीस जणांच्या वह्या एकत्र आल्या की त्यातून दर दिसतो. कुठल्या कारखान्यात तासाला किती, बाईला किती, कंत्राटी मुलाला किती, हे सगळे मांडता येते. हे काम आपल्या विहारांत होऊ शकते. रविवारी वंदना झाल्यावर तासभर थांबून, शिकलेल्या मुला-मुलींनी कामगारांच्या वह्या तपासाव्यात, किमान वेतनाची चालू अधिसूचना फळ्यावर लावावी, आणि तफावत निघाली तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज करायला मदत करावी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये. नाव उघड झाले की काम जाते ही भीती खरी आहे. म्हणून एकट्याने पुढे न होता अनेकांनी मिळून किंवा युनियनमार्फत अर्ज करावा.

विहारात मजुरीचा हिशेब कशाला, असे कुणी विचारेल. तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला उपदेश करताना मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत : नोकराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगले पदार्थ वाटून खावेत आणि वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत कामाचा भार आहे, वेतन आहे, आजारपण आहे आणि सुट्टीही आहे. सम्यक आजीविका ही फक्त कामगाराने पाळायची गोष्ट नाही. काम देणाऱ्यालाही ती लागू आहे. आपल्या समाजातले जे लहान उद्योजक आणि ठेकेदार झाले आहेत, त्यांनी ही यादी आपल्या हजेरीपटाशेजारी लावावी.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला हजारो लोक लळिंगला जमतात. त्यात नरडाण्याचा, अवधानचा, जळगावच्या एमआयडीसीचा कामगार असतो. बहुतेकांनी त्या दिवसाची हजेरी बुडवलेली असते. पुढच्या ३१ जुलैला निळा झेंडा घेऊन येताना खिशात तासांची वही आणावी. तिथे एका झाडाखाली बसून दोन-चारशे वह्यांची बेरीज झाली, तरी खान्देशातल्या एका तासाच्या श्रमाला काय मिळते याचा कामगारांनीच काढलेला आकडा आपल्या हातात येईल. मग कामाची चौकशी करताना रोजाऐवजी तासाचा दर विचारायची सवय आपोआप लागेल.